गाडीबरोबर तिची वहीही द्या: मॉडिफाय केलेल्या गाड्या विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
टर्बो बदललेली, रीमॅप केलेली, खाली बसवलेली किंवा नुसताच आवाज वाढवलेली आपली लाडकी गाडी ज्यांनी विकायला काढली आहे, त्या सर्वांस

स.न.वि.वि.

मी तुमच्यातलाच एक. आजवर अशा तीन गाड्या घेतल्या, दोन विकल्या, आणि तिसरी आता विकायची आहे. काल रात्री तिची जाहिरात लिहायला बसलो. 'एकदम टकाटक, काहीही काम नाही, घ्या आणि पळवा' असं सवयीनं लिहून झालं आणि ते वाक्य माझं मलाच वाचवेना. माझी पहिली गाडी मी ह्याच वाक्यावर घेतली होती. जाहिरात खोडली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

ती गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची टर्बो हॅचबॅक होती. मोठा इंटरकूलर, रुंद डाउनपाइप, 'स्टेज २' मॅप, म्हणजे ताकदीसाठी बदललेलं इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. विकणारा माणूस गोड होता आणि गाडी त्यानं जिवापाड जपलेली दिसत होती. सीटवर चरा नाही, बोनेटखाली धूळ नाही. मी तासभर चालवली, पिकअपनं वेडा झालो आणि घेऊन आलो. पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीनं जो ऑक्टेनचा आकडा छापला होता, तेच पेट्रोल इमानेइतबारे भरत राहिलो. तीन आठवड्यांनी एका चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तेव्हा मूठभर खडे पत्र्यावर पडावेत तसा आवाज आतून आला आणि गाडी तीन सिलिंडरवर लंगडत घरी पोचली. इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनची रिंग जिच्या आधारानं बसते, ती कडच तुटलेली.

मॅप चढ्या ऑक्टेनच्या, म्हणजे दाबाखाली सहजी आपसूक न भडकणाऱ्या पेट्रोलसाठी लिहिलेला होता. विकणाऱ्याला फोन केला तर तो खरोखर हळहळला. म्हणाला, "अरेरे! मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

तो माणूस खोटं बोलला नव्हता, हे पटायला मला बराच काळ लागला. 'हिला फक्त महागातलंच पेट्रोल' ही गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती सांगण्यासारखी आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. विचारण्यासारखी आहे, हे माझ्या आलं नाही. आमच्या दोघांच्या गप्प बसण्यात इंजिन गेलं.

कंपनीतून निघालेली गाडी आपल्या चुका पोटात घालते. हलकं पेट्रोल, भर उन्हातला चढ, गच्च भरलेली डिकी, ऑइल बदलायला झालेला उशीर, ह्या सगळ्यांचा हिशेब धरून ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, थोडी जागा राखून ठेवलेली असते. नॉक सेन्सर कान लावून बसलेला असतो. स्पार्कनं लागलेली ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकू लागलं, म्हणजेच नॉक झालं, की ईसीयू टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे घेतो, ताकद थोडी उतरते आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रीमॅप करणारा नेमकी हीच राखीव जागा खर्च करतो. बूस्ट, म्हणजे टर्बो ज्या दाबानं हवा भरतो तो दाब, वाढवतो, टायमिंग पुढे नेतो. वाढलेली ताकद आभाळातून पडत नाही, ह्या शिलकीतून येते. त्यात पाप काही नाही, मी स्वतः तिन्ही गाड्यांना केलंय. पण शिल्लक किती उरलीय हे ज्याला माहीत, तो गाडी विकून मोकळा होतो; आणि ज्याच्या हाती किल्ली येते, तो सगळं कंपनीनं दिलं तसंच आहे असं धरून चालतो. काही मॅपमध्ये तर नॉक सेन्सरचे कानही मुद्दाम जड केलेले असतात, कारण फोर्ज्ड पिस्टनची खडखड किंवा कडक माउंटिंगमधून येणारा आवाज त्याला नॉक वाटतो. म्हणजे राखणदारालाच झोपेचं औषध. सांगितलंत तर घेणारा जपून चालवेल. नाही सांगितलं तर त्याला कळणार कसं?

'चांगलं पेट्रोल भरा' एवढ्यानं भागत नाही. ऑक्टेनचा आकडासुद्धा सगळीकडे एका मापानं मोजत नाहीत. जगात बहुतेक ठिकाणी पंपावर रॉन (सौम्य चाचणीतला ऑक्टेन) लिहितात, अमेरिकेत रॉन आणि मॉन (कडक चाचणीतला ऑक्टेन) ह्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथलं ९३ हे साधारण ९८ रॉनच्या बरोबरीचं असतं. मॅपच्या कागदावर नुसतं '९३' असेल, तर ते कुठल्या मापातलं, हेही लिहा. इथेनॉलवर ट्यून केलेल्या गाडीची तऱ्हा आणखी निराळी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई८५ ला, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाला, ९.८ च्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन खूप जास्त पाठवावं लागतं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप. अशी गाडी घेऊन कुणी बिचारा साध्या पेट्रोलच्या पंपावर गेला, तर ईसीयू इथेनॉलच्या भरवशावर पुढे नेलेलं टायमिंगच वापरत राहणार. फ्लेक्स फ्युएल सेन्सर असेल तर तो इथेनॉलचं प्रमाण ओळखतो आणि मॅप त्याप्रमाणे बदलतो. तुमच्या गाडीत तो आहे की नाही, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. नवख्याला बोनेट उघडूनही कळणार नाही.

म्हणून विनंती एकच. गाडीबरोबर तिची वही द्या.

साधी वही चालेल, फोनमधली नोंद चालेल, बिलांच्या मागे पेनानं खरडलेलं चालेल. कुठला पार्ट कधी घातला, किती किलोमीटरला, कुणी बसवला. जो काढला तो कुठे आहे. मॅप कुणी लिहिला, कुठल्या इंधनासाठी, बूस्ट किती धरून. प्लग कुठल्या नंबरचे आणि त्यांची गॅप किती ठेवलीय, कारण बूस्ट वाढवल्यावर बहुतेक वेळा गॅप कमी करावी लागते आणि पुढचा मेकॅनिक पुस्तकात बघून पुन्हा मूळची करून ठेवतो. मग गाडी अडखळते, आणि मालक महिनाभर कॉइल बदलत बसतो. ऑइल कुठलं आणि किती किलोमीटरला. आणि सगळ्यात आधी, काय काय मोडलं. क्लच जळला असेल तर लिहा. गियरबॉक्स उतरवला असेल तर लिहा. आपल्याला वाटतं, मोडल्याची नोंद दिसली की गिऱ्हाईक पळेल. माझा अनुभव उलटा आहे. चार वर्षं जोरात पळवलेल्या गाडीचं काहीच मोडलं नाही असं कुणी म्हणालं, की मी चहूबाजूंनी संशयानं बघतो. दोनदा मोडलं आणि हे बघा नीट केल्याचं बिल, असं म्हणणाऱ्याकडे मी बसून घेतो.

कुलपाची गोष्ट राहिली. माझ्या त्या पहिल्या गाडीचा ईसीयू ट्यूनरनं कुलूपबंद केलेला होता. इंजिन बांधून झालं, मॅप थोडा मवाळ करायला दुसऱ्या माणसाकडे नेली, तर फाइल वाचताच येईना. पहिल्या ट्यूनरनं धंदा बंद केलेला. शेवटी मूळ मॅप चढवून सगळं पहिल्यापासून करून घ्यावं लागलं. ट्यूनरनं आपली मेहनत जपावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुलूप आहे हे तरी सांगा, आणि किल्ली कुणाकडे आहे तेही. पूर्ण वेगळा, स्टँडअलोन ईसीयू बसवला असेल तर त्याचा पासवर्ड, केबल, सॉफ्टवेअर आणि शेवटच्या चालू मॅपची प्रत गाडीबरोबर गेलीच पाहिजे. ती न देता गाडी विकणं म्हणजे तिजोरी विकून आकडा स्वतःजवळ ठेवण्यासारखं आहे.

आता जाहिरातींच्या भाषेबद्दल. 'स्टेज २' ह्या शब्दाला कुठलंही प्रमाण नाही. ढोबळमानानं स्टेज १ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, स्टेज २ म्हणजे सोबत इंटेक, एक्झॉस्ट, इंटरकूलर वगैरे, स्टेज ३ म्हणजे टर्बोच मोठा, असं मानतात. पण हे प्रत्येक ट्यूनर आपापलं ठरवतो. एकाची स्टेज २ ती दुसऱ्याची दीड. स्टेज लिहू नका, पार्ट लिहा.

आणि तो डायनोचा, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद! जाहिरातीत आकडा असतो, कागद नसतो. कागद असला तर फोटो इतका पुसट की अक्षर लागत नाही. रोलरवर मोजली जाते ती चाकांपाशी पोचलेली ताकद. गियरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर वाटेत काही खातात, ते किती खाल्लं असेल ह्याचा अंदाज मिळवून मग 'इंजिनाची' ताकद सांगितली जाते, आणि अंदाज म्हटला की माणसाचा हात सढळ होतो. हवेचं तापमान, दाब, कुठला करेक्शन वापरला, ह्यावरही आकडा हलतो. त्यामुळे नुसता आकडा मला काहीच सांगत नाही. आलेख दाखवा, आणि त्यावर बूस्टची आणि एअर-फ्युएल रेशोची रेषाही असू द्या, कारण भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होत असेल तर वरचा आकडा कितीही देखणा असो, ती गाडी मला नको.

घेणाऱ्यांसाठी इथे एक युक्ती सांगून ठेवतो. आलेखात हॉर्सपॉवर आणि पौंड-फुटांतला टॉर्क एकाच मापपट्टीवर काढलेले असतील, तर दोन्ही रेषा ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. ह्याचा मशीनशी काही संबंध नाही, ते गणित आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५,२५२, म्हणजे हॉर्सपॉवर. किलोवॅट आणि न्यूटन-मीटर असतील तर भाजक ९,५४९ च्या जवळपास. मला एकानं मोठ्या ऐटीत पाठवलेल्या आलेखात ह्या दोघींची भेट ४,००० च्या आतच होत होती. विचारलं, तर उत्तर आलं, "त्या दिवशी मशीन वेगळं होतं."

गंमत अशी, की एके काळी ह्याच्या बरोब्बर उलटं चालायचं. जपानी कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००४ पर्यंत आपसांतल्या समजुतीनं आपल्या देशात विकायच्या गाड्यांची ताकद २८० पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवरच्या) वर लिहिलीच नाही. निसान स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८०, टोयोटा सुप्रा टर्बो कागदावर २८०. तेच सुप्राचं २जेझेड-जीटीई इंजिन थोड्या फरकानं अमेरिकेत ३२० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं जात होतं. कंपन्या आकडा दाबून लिहायच्या, आणि आपण तो फुगवून लिहितो.

त्या २जेझेडनं आपलं आणखी एक नुकसान करून ठेवलंय. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सरळ सहा सिलिंडर, मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाणारं इंजिन, ही त्याची ख्याती खरी आहे. पण तेव्हापासून प्रत्येक विकणारा आपल्या इंजिनाबद्दल तेच बोलतो: "हे कितीही सोसतं हो." इंजिन सोसतही असेल. क्लच सोसतो का? इंधनाचा पंप पुरतो का? गियरबॉक्सचा तिसरा गियर, मागचे एक्सल, थंड करायची सगळी व्यवस्था, ह्यांना कुणी विचारलं? इंजिनाची ताकद वाढवली, की सर्वात कच्चा दुवा मोडतो, तो बदलला की त्याच्या पुढचा. तुम्ही ह्या साखळीत कुठवर आला आहात, हे वहीत असू द्या. ज्या गाडीत फक्त पहिला भाग झाला आहे, म्हणजे ताकद वाढवली आणि बाकी सगळं मूळचंच आहे, ती गाडी विकताना तुम्ही पुढची सगळी बिलं घेणाऱ्याच्या नावावर करत असता.

काही गाड्यांचे स्वतःचे आजार असतात, आणि ते जाणकारांनी न लपवता सांगायलाच हवेत. माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन घ्या. साध्या गेजनं कॉम्प्रेशन बघून 'उत्तम आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एका रोटरला तीन बाजू असतात, आणि साधं गेज त्यांतल्या सर्वात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतं. तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा रोटरीचा खास टेस्टर लागतो, आणि तपासणी इंजिन गरम असताना करायची असते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम जिथे बॉडीला बसतो, तिथल्या पत्र्याला चिरा जातात हे त्या गाडीच्या सगळ्या चाहत्यांना माहीत आहे. त्यातून चिकट टायर आणि कडक बुश घालून ट्रॅकवर नेलेली असेल तर आधी गाडी उचलून खाली बघायचं, आणि मग बाकीच्या गप्पा. विकणाऱ्यानं आधीच गाडी उचलून फोटो काढून ठेवले, तर किती जणांचा वेळ वाचेल!

नेहमीच्या पिस्टनवाल्या इंजिनांसाठी मी स्वतः लीकडाउन टेस्टचा आग्रह धरतो. कॉम्प्रेशन टेस्ट सांगते, सिलिंडर दाब किती धरतो. लीकडाउनमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून पळते ते ऐकता येतं. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चारी सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाही, हे बघायचं. एकच फटकून असेल तर तिथे गोष्ट आहे. ही चाचणी गाडी विकायला काढण्याआधी तुम्हीच करून घेतलीत आणि कागद वहीत लावलात, तर त्या कागदापुढे घासाघीसही कमी होते.

दिव्याचं एक सांगतो, कारण हा प्रकार फार चालतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, घेणारा यायच्या सकाळी स्कॅनर लावून तो विझवला. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे मॉनिटरही कोरे होतात, आणि ते पुन्हा भरायला गाडी थंडीपासून गरम होईपर्यंत वेगवेगळ्या वेगांत चालावी लागते. स्कॅनरवर ते 'अपूर्ण' दिसले, की कालपरवाच कुणीतरी पुसापुशी केलीय हे कळतं. आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू होण्याआधी तो दिवा एकदा लागलाच पाहिजे. लागतच नसेल तर बल्बच काढलाय किंवा सॉफ्टवेअरनं त्याचं तोंड बंद केलंय. कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकलेल्या गाड्यांत त्याच्या बिघाडाचा पी०४२० कोड येऊ नये म्हणून नेमकं हेच करतात. काढलेलं कॅट घरात पडलं असेल तर ते गाडीबरोबर द्या. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असलेली वस्तू आहे ती, आणि ती नसली तर पुढच्या प्रदूषण तपासणीत नवा मालक अडकेल.

ह्याच ओघात कायद्याचं आणि विम्याचं. नियम जागोजागी वेगळे आहेत. जर्मनीत बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवायची पद्धत आहे, इतर ठिकाणी आणखी काही. कुठेही असलात तरी जे बदल कागदावर आहेत आणि जे नाहीत, त्यांची यादी वेगळी करून द्या. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांवरून दावा नाकारला जाऊ शकतो, हे नव्या मालकाला अपघातानंतर कळू नये.

आता 'पुन्हा स्टॉक केलेल्या' गाड्या. हा प्रकार दोन तऱ्हांचा असतो आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक प्रामाणिक तऱ्हा: पार्ट काढून वेगळे विकले, मूळचे परत बसवले, आणि हे सगळं सांगितलं. शहाणपणाची वाट आहे ही. पार्टांच्या बिलांची बेरीज करून ती गाडीच्या किमतीत मिळवणाऱ्यांना मी नेहमी हेच सुचवतो, कारण तुमच्या आवडीचे पैसे घेणारा देत नाही, उलट त्या आवडीचे थोडे कापतो. चांगले कॉइलओव्हर (गाडीची उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर) सुटे विकले तर जे मिळतं, ते गाडीवर ठेवून मिळत नाही. डबीत जपून ठेवलेले मूळ पार्ट मात्र गाडीचं मोल खात्रीनं वाढवतात. दुसरी तऱ्हा: चार वर्षं दुप्पट बूस्टवर पळवलेली गाडी रातोरात साध्या कपड्यांत उभी करायची आणि 'कंपनी कंडिशन' म्हणून विकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण गाडीच्या अंगावर खुणा राहतात. फायरवॉलला वायर नेण्यासाठी पाडलेलं आणि मग रबरानं बुजवलेलं भोक. व्हॅक्यूम पाइपला कारण नसताना बसवलेली टी. बाकी सगळं मळलेलं असताना दोनच क्लॅम्प नवेकोरे. डाउनपाइपच्या बोल्टांवर पान्याच्या ताज्या चकाकत्या खुणा. टायरची आतली कड झिजलेली आणि बाहेरची शाबूत, म्हणजे कधीतरी बराच कॅम्बर दिलेला, चाकं वरून आत कललेली. ब्रेक डिस्कवर उष्णतेच्या बारीक केसाएवढ्या रेघा. हे सगळं मला दिसतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला तुम्ही फसवता.

थोडं घेणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. अनोळखी माणसाची गाडी पहिल्याच टेस्ट ड्राइव्हला थंड इंजिनावर रेड लाइनपर्यंत ताणणारे तुम्हीच. 'शून्य ते शंभर किती?' हा पहिला प्रश्न आणि 'टायमिंग बेल्ट कधी बदलला?' हा कधीच न येणारा प्रश्न, तोही तुमचाच. शंभरेक मेसेज पाठवून न येणारे, आणि आलात तर वही वाचायच्या ऐवजी तिच्यातली प्रत्येक नोंद किंमत पाडायला वापरणारे. ज्यानं पाच दोष लिहिले त्याला पाच ठिकाणी कापता, ज्यानं काहीच लिहिलं नाही त्याला मागेल ते देता. मग विकणारा गप्प बसायला शिकतो. मी असाच शिकलो.

माझी दुसरी गाडी मी विकली तेव्हा तिचा दुसरा गियर थंड असताना कर्रकन वाजायचा. सिंक्रो, म्हणजे गियर अलगद बसवणारी कडी, गेला होता. मला माहीत होतं, म्हणून मी घेणारा यायच्या आधी गाडी अर्धा तास फिरवून गरम करून ठेवली. गरम झाल्यावर तो आवाज येत नसे. घेणारा पोरगेलासा होता, पहिलीच अशी गाडी. त्यानं खूप प्रश्न विचारले, गियरबॉक्सबद्दल एकही नाही. दोन दिवसांनी पहाटे त्याचा फोन आला. आणि माझ्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." तो काही बोलला नाही. फोन ठेवला. दुरुस्तीचे निम्मे पैसे मी नंतर पाठवले आणि त्यानं ते घेतले, पण पुढे आमचं बोलणं झालं नाही.

आता तिसरी गाडी. काल रात्री खोडलेल्या जाहिरातीच्या जागी जे लिहिलं आहे, ते खाली देतो आहे. तुम्हाला नमुना म्हणून वापरता आलं तर वापरा.

आपला,
तीन गाड्या घेतलेला आणि अडीच विकलेला एक जण

ता. क.

टर्बो सेडान, फोर व्हील ड्राइव्ह, मी दुसरा मालक. इंटरकूलर, डाउनपाइप, इंधनाचा पंप, क्लच आणि कॉइलओव्हर बदललेले, प्रत्येकाचं बिल आहे. टर्बो मूळचा. मॅप ९८ रॉनचा, त्याहून हलकं पेट्रोल भरू नये. फाइलला कुलूप नाही, प्रत देतो. डायनोचा आलेख आहे, आकडा चाकांपाशी मोजलेला, त्यात कसलाही अंदाज मिळवलेला नाही. ट्रॅकवर सहा वेळा नेली आहे. मागे उजवीकडचा कॉइलओव्हर किंचित ऑइल गाळतो, बांधून घ्यावा लागेल. पुढच्या टायरांवर कंपनीच्या तारखेचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते जुने झालेत, नक्षी दिसते म्हणून फसू नका. डाव्या मागच्या दाराला रंग दिलेला आहे, पार्किंगमध्ये खांब लागला होता. पाचव्या गियरला कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बघा, क्लच सरकत नाही. गेल्या महिन्यातला लीकडाउनचा कागद वहीत आहे, चौथा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त गळतो. मूळचं कॅट, मूळचे स्प्रिंग आणि मूळचा एअर बॉक्स डिकीत. सकाळी या. गाडी मी गरम करून ठेवणार नाही, बोनेटला हात लावून बघा.